मधला घाट

आम्हां पुणेकरांस कर्जत म्हणजे गाडी थांबण्याचें एक ठिकाण, एवढीच ओळख असते. गाडी थांबते, गरम बटाटेवड्यांचा वास डब्यांत शिरतो, खिडकींतून पैसे बाहेर जातात व कागदांत बांधलेले वडे आंत येतात. तों गाडी हलते आणि कर्जत मागें पडतें. या फलाटावर उतरून कोणी पुढें कोठें जात असेल, हा विचार खिडकीशीं बसलेल्या प्रवाशाच्या मनांत क्वचितच येतो. आमची थोरली बहीण खोपोलीस दिलेली असल्यामुळें आम्ही मात्र वर्षांतून एक-दोनदां तेथें उतरतों. एखादें कार्य, भाऊबीज, किंवा महडच्या गणपतीचें दर्शन, अशीं तीं निमित्तें. गेल्या श्रावणांत आम्ही उभयतां निघालों तें निराळ्याच कारणासाठीं.

बहिणीचा फोन आला होता. ‘पोरगी कॉलेज सोडायचें म्हणते. धड जेवत नाहीं, बोलत नाहीं. हे म्हणतात, जमत नसेल तर राहूं दे, येथल्याच कॉलेजांत नांव घालूं. मला कांहीं सुचत नाहीं. तूं एकदां येऊन तिला चार शब्द सांग.’ आमची ही भाची बारावीपर्यंत खोपोलींतच शिकलेली. शाळेंत पहिल्या तिघांतला नंबर तिनें कधीं सोडला नाहीं. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवावी हा तिचाच हट्ट, आणि त्यासाठीं मुंबईचें एक नांवाजलेलें कॉलेजही तिनेंच पसंत केलेलें. जुलैंत कॉलेज सुरू झालें आणि सात आठवड्यांत हा प्रकार!

चार शब्द सांगणें हें तर आमच्या वयाच्या माणसांचें आवडतें काम. पुणें सोडून गाडी लोणावळ्यास येईपर्यंत आमचें व्याख्यान मनांत तयारही झालें होतें. जिद्द, कष्ट, पूर्वींच्या विद्यार्थ्यांचें वार लावून जेवणें, माधुकरी, रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास, कांहीं म्हणून आम्हीं वगळलें नव्हतें. सौभाग्यवती खिडकींतून धबधबे पाहत होत्या.

श्रावणांतला बोरघाट पाहण्यासारखा खराच. डोंगराच्या अंगावरून जागोजाग पांढऱ्या धारा उतरत असतात. बोगद्यांतून बाहेर यावें तों धुकें, धुक्यांतून बाहेर यावें तों पुन्हां बोगदा. सदतीस फुटांस एक फूट असा हा चढ, आणि सगळा काळा कातळ. १८५६ सालीं काम सुरू झालें, तें १८६३ सालीं पुरें झालें, आणि तेवढ्या काळांत अपघातानें व रोगराईनें हजारों मजूर येथें मेले. १८५९ सालीं सॉलोमन ट्रेडवेल नांवाच्या इंग्रज कंत्राटदारानें हें काम हातीं घेतलें आणि येथें पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत तो वारला. त्याच्या पत्नीनें, ॲलिस ट्रेडवेलनें, कंत्राट सोडून न देतां जाणते इंजिनिअर नेमून तें तडीस नेलें. परक्या मुलुखांत एकट्या पडलेल्या बाईची ही चिकाटी आम्हीं तत्काळ आमच्या व्याख्यानांत घालून टाकली.

कर्जतला उतरून आम्हीं खोपोलीची गाडी धरली. उल्हास नदी गढूळ पाण्यानें दुथडी भरून चालली होती. येथून खोपोलीचा एकेरी फांटा निघतो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली, असा हा अवघा १५ किलोमीटरांचा प्रवास. पण पावसाळ्यांत त्याच्याइतका डोळे निवविणारा प्रवास आम्हांला दुसरा ठाऊक नाहीं. दोहों बाजूंस लावणी आटोपलेलीं भाताचीं खाचरें, बांधावर इरलें घेऊन उभा राहिलेला एखादा माणूस, आणि उजवीडावीकडे सदैव सोबत करणारे डोंगर. हे डोंगर हळूहळू जवळ येत जातात, आणि आतां गाडी त्यांच्यावर आदळणार कीं काय असें वाटूं लागतें, तोंच खोपोली येते. तेथें रूळच संपतात.

आमच्या मेहुण्यांस गांवाच्या इतिहासाचा मोठा नाद. नाना फडणिसांनीं बांधविलेला तलाव आणि विरेश्वराचें देऊळ, १९१५ सालीं सुरू झालेलें टाटांचें वीजगृह, घाटमाथ्यावरच्या तलावांचें पाणी नळांतून खालीं आणून त्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या कशा चालल्या, हें सर्व आम्हीं त्यांच्या तोंडून पूर्वींही ऐकलें होतें. या खेपेस चहा घेतां घेतां त्यांनीं जें सांगितलें तें मात्र आमच्या मनांत रुतून बसलें.

ते म्हणाले, ‘हा फांटा आज फांटा आहे, पण एके काळीं हाच मुख्य मार्ग होता. १८५६ सालीं मुंबईकडून रूळ खोपोलीपर्यंत आले आणि डोंगराच्या पायथ्याशीं थांबले. १८५८ सालीं वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. खालीं रूळ झाले, वर रूळ झाले, आणि मध्यें राहिला घाट! पुण्यास जाणाऱ्यानें येथें उतरावें, पालखी, तट्टू, बैलगाडी, जें मिळेल तें करावें, नाहीं तर पायीं चढावें, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडींत बसावें. पांच वर्षें हें असेंच चाललें.’ मग थोडें थांबून ते म्हणाले, ‘खोपोलीला गाडी आली त्याच्या पुढच्याच वर्षीं मुंबईचें विद्यापीठ निघालें. तेव्हांपासून गाडीही आहे, विद्यापीठही आहे. पण माझ्या मुलीला पहाटे चारला उठावें लागतें आणि रात्रीं नवाला ती घरीं येते, त्याला काय करावें?’

खोपोलीहून मुंबई सुमारें ११५ किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन दिवसाचे २३० किलोमीटर आणि पांच तास. मेहुण्यांनीं विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमाचा कागदही आमच्या पुढें ठेवला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणें आतां मुख्य विषय, दुय्यम विषय, श्रेयांक, तीन वर्षांनीं पदवी आणि चवथें वर्ष केल्यास ऑनर्सची पदवी, अशी मांडणी झाली आहे. तो कागद आम्हीं दोनदां वाचला आणि घडी घालून परत दिला. शाळेंत मूल एक दिवस गेलें नाहीं तर मास्तर निरोप पाठवितात. कॉलेजांत काय चाललें आहे हें आईबापांस कळण्याची सोय नाहीं, आणि कळलें तरी समजण्याची खात्री नाहीं.

रात्रीं नऊ वाजून गेल्यावर दारांत छत्री झटकल्याचा आवाज झाला. भाची आंत आली. आम्हांला पाहून तिनें ‘मामा, मामी!’ अशी हांक मारली खरी, पण त्या हांकेंत नेहमींचा जोर नव्हता. तिचे डोळे खोल गेले होते. बहिणीनें स्वयंपाकघरांतून विचारलें, ‘जमलं का ग आज?’ ती ‘हो’ म्हणाली आणि पाय धुण्यास मोरीकडे वळली. आम्हीं घसा साफ केला. परंतु सौभाग्यवतींनीं आमच्याकडे असें कांहीं पाहिलें कीं व्याख्यान दुसऱ्या दिवसावर ढकलणें आम्हांला भाग पडलें.

दुसरे दिवशीं रविवार. सकाळीं आम्ही तिघें महडास गेलों. अष्टविनायकांतील वरदविनायकाचें हें स्थान खालापूर तालुक्यांतच आहे. रामजी महादेव बिवलकरांनीं १७२५ सालीं बांधविलेलें देऊळ, आणि आंत १८९२ पासून अखंड तेवत असल्याचें सांगतात तो नंदादीप. दर्शन घेऊन देवळामागच्या तळ्याच्या कांठीं आम्ही बसलों. पाऊस नुकताच उघडला होता. हीच वेळ, असें आम्हीं मनांत म्हटलें. परंतु आमच्या आधीं सौभाग्यवतींनींच तोंड उघडलें; आणि त्यांनीं विचारलें तें तरी काय?

‘डब्यांत काय नेतेस ग? आणि कुठं बसून खातेस?’

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘जिन्यांत.’ एवढें बोलली आणि रडूं लागली.

पुढचा अर्धा तास ती बोलत होती आणि आम्ही ऐकत होतों. वर्गांतल्या मुली-मुलांचे घोळके आधींच ठरलेले. बहुतेक जण शाळेपासून एकमेकांच्या ओळखीचे, बोलणें सगळें इंग्रजींत. पहिल्या आठवड्यांत दोघी-तिघींनीं तिला तास संपल्यावर बसण्यास बोलाविलें होतें. पण थांबलें तर खोपोलीची गाडी चुकते, आणि ती चुकली कीं कर्जतच्या फलाटावर रात्रीं ताटकळत बसावें लागतें. म्हणून ती ‘नको’ म्हणाली. दोनदां ‘नको’ म्हटल्यावर तिसऱ्यांदा कोणी बोलाविलें नाहीं. रसायनाचें प्रॅक्टिकल संध्याकाळीं उशीरा संपे. जर्नलावर सही घेण्यास रांग असे. एके दिवशीं ती रांगेंत उभी राहून वरचेवर घड्याळ पाहत होती, तेव्हां शिकविणारांनीं सर्वांदेखत म्हटलें कीं घड्याळाकडे पाहणाऱ्यांनीं विज्ञानाकडे येऊं नये. वर्ग हंसला. त्या दिवसापासून ती त्या प्रॅक्टिकलला गेलीच नव्हती. तीन बुडालीं होतीं. चवथें उद्यां सोमवारीं होतें. ७५ टक्के हजेरी भरली नाहीं तर परीक्षेस बसतां येत नाहीं, हें तिला ठाऊक होतें. आणि म्हणूनच परीक्षेची नामुष्की येण्यापूर्वीं आपण होऊन सोडावें, असा तिनें विचार केला होता.

आम्हीं विचारलें, ‘तूं खोपोलीहून येतेस हें तेथें कोणाला ठाऊक आहे का?’

‘कुणी विचारलं नाहीं, मामा.’

‘आणि घरीं?’

‘घरीं आई रोज विचारते, जमलं का. नाहीं म्हटलं तर बाबा म्हणतील, सोड. हो म्हटलं कीं पुढचं कुणी विचारत नाहीं. म्हणून हो म्हणतें.’

आमच्या व्याख्यानांतील एकही वाक्य या ठिकाणीं उपयोगीं पडण्यासारखें नव्हतें. ॲलिस ट्रेडवेल देखील नाहीं. त्यांतच सौभाग्यवती शांतपणें म्हणाल्या, ‘मामांची गोष्ट ठाऊक आहे का तुला?’ ती गोष्ट आम्हीं नेहमीं सांगतों ती नव्हे. कोंकणांतून पुण्यास शिकावयास आलों, हाल सोसले, पण माघार घेतली नाहीं, असें आम्ही सांगत असतों. वस्तुस्थिति अशी कीं पहिल्याच वर्षीं गणपतीच्या सुटींत आम्ही घरीं गेलों तें परत न जाण्याच्या निश्चयानेंच. वडील आठ दिवस कांहीं बोलले नाहींत. नवव्या दिवशीं आमची ट्रंक स्वतः उचलून ते आमच्याबरोबर पुण्यास आले. दोन दिवस आमच्या खोलींत राहिले, खानावळवाल्याशीं ओळख करून घेतली, शेजारच्या खोलींतल्या चिपळूणकडच्या मुलाला बोलावून त्याच्या घरची विचारपूस केली, आणि परत गेले. उपदेशाचा एक शब्दही त्यांनीं उच्चारला नाहीं. तो चिपळूणकडचा मुलगा आज इतक्या वर्षांनींही आमचा मित्र आहे. वडिलांच्या त्या दोन दिवसांची आठवण आम्हीं आमच्या पराक्रमाच्या कथेंतून कशी गाळून टाकली होती, याची आम्हांला त्या तळ्याच्या कांठीं लाज वाटली.

मेहुण्यांनीं सांगितलेला तो मधला घाट आम्हांला तेथेंच आठवला. शाळेचे रूळ आमच्या भाचीला ठीक येथवर घेऊन आले होते. विद्यापीठाचे रूळही वर तयार होते. अडचण होती ती मधल्या चढाची. त्या चढावर पूर्वींच्या काळीं शहाण्यासुरत्या उतारूंनींही पालखी केली, तट्टू घेतलें, वाटाड्या घेतला. आणि कोणी त्यांना प्रवासास नालायक ठरविलें नाहीं. मग अठरा वर्षांच्या मुलीनें तो एकटीनें चढावा आणि धापही लागूं देऊं नये, ही अपेक्षा आपण कां करावी?

सोमवारीं पहाटे आम्ही उभयतां तिच्याबरोबर निघालों. ‘फक्त उद्यांचा दिवस जाऊं, मग काय तें तूं ठरव,’ एवढेंच आम्हीं म्हटलें होतें. बाहेर मिट्ट काळोख, पाऊस कोसळत होता. त्या दोघी बायकांच्या डब्यांत बसल्या, आम्ही शेजारच्या डब्यांत. त्या डब्यांतली हकीकत पुढें आम्हांला सौभाग्यवतींकडून कळली. कर्जतला एक नर्सबाई चढल्या, नेरळला बँकेंत काम करणाऱ्या दुसऱ्या एक. दोघींनींही आल्याबरोबर ‘आज उशीर नाहीं ना झाला?’ म्हणून भाचीची चौकशी केली. एकीनें तिच्यासाठीं खिडकीची जागा सोडली, दुसरीनें श्रावणी सोमवार म्हणून साबुदाण्याची खिचडी पुढें केली. ‘झोंप, मी उठवतें,’ असें तिला सांगणारें त्या गाडींत कोणी तरी होतें. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘गाडींत पोरीला गोत आहे. कॉलेजांत नाहीं.’

कल्याण आलें तेव्हां उजाडलें होतें. आनंदीबाई जोशी या कल्याणच्या. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनीं मिळविली, आणि पुढच्याच वर्षीं त्यांचा अंत झाला. त्यांच्या धैर्याची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते आणि ती तशीच सांगितली जावी. परंतु त्या परक्या देशांत उतरल्या तेव्हां कार्पेंटर नांवाच्या एका बाईनें त्यांना स्वतःच्या घरीं पोटच्या मुलीप्रमाणें ठेवून घेतलें, हा भाग आपण घाईघाईनें उरकतों. धैर्याला आधार लागत नाहीं असा आपला कांहीं तरी गैरसमज आहे.

कॉलेजच्या दाराशीं आम्हीं सुचविलें कीं आम्ही आंत येऊन शिकविणारांशीं बोलूं. भाची पटकन् म्हणाली, ‘नको मामा, तुम्ही आंत येऊं नका. मीच सांगतें.’ आम्हीं समोरच्या हॉटेलांत जाऊन चहा मागविला. दुसरा मागविला. पाऊण तासानें ती आली. चेहरा रडवेला होता, पण पाठ ताठ होती. ज्यांनीं तें वाक्य उच्चारलें होतें त्यांनाच तिनें जाऊन सांगितलें होतें, कीं मी खोपोलीहून येतें आणि घड्याळ पाहतें तें गाडीसाठीं. त्यावर ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, ‘हें आधीं कां नाहीं सांगितलंस?’ मग त्यांनीं तिचें नांव सकाळच्या तुकडींत घातलें आणि बुडालेलीं तीन प्रॅक्टिकलें कोणत्या दिवशीं भरून काढावयाचीं तें लिहून दिलें.

सगळाच प्रश्न सुटला असें आम्ही म्हणत नाहीं. इंग्रजींतलें गणित एका दिवसांत सोपें होत नाहीं, पहाटेची गाडी कोणी उशीरां सोडीत नाहीं, आणि जिन्यांतून उठून कोणाच्या तरी शेजारीं जाऊन बसणें हें ज्याचें त्यानेंच करावें लागतें. परीक्षेच्या दिवसांत डोंबिवलीस आत्याकडे राहावें, असें मात्र त्याच रात्रीं ठरलें. आणि तें तिच्या वडिलांनींच सुचविलें.

मंगळवारीं आम्ही परत निघालों. कर्जतला पुण्याची गाडी उभी राहिली. मागें खटका बसल्यासारखा एक धक्का जाणवला. घाट चढण्यासाठीं येथें गाडीला मागून जादा इंजिनें लावतात; त्यांना बँकर म्हणतात. तीं ओढीत नाहींत, मागून रेटतात. खिडकींतल्या उतारूला तीं दिसतही नाहींत. लोणावळ्यास पोहोंचल्यावर तीं सोडून घेतात व खालीं आणून दुसऱ्या गाडीला लावतात. तीं पुण्यापर्यंत येत नाहींत, आणि यावींत अशी कोणाची अपेक्षाही नसते. आम्ही वडे खात हें सर्व सौभाग्यवतींस समजावून सांगूं लागलों, तेव्हां त्या म्हणाल्या, ‘आतां याचें व्याख्यान करूं नका.’ म्हणून करीत नाहीं.

दिवाळींत भाची आईबापांसह पुण्यास आली. गणितांत गुण बेताचेच मिळतील असें ती स्वतःच म्हणाली; जर्नल मात्र सहीशिक्क्यासह पुरें झालें होतें. तिच्याबद्दल आम्हीं बहिणीस बाजूला घेऊन विचारलें. बहीण हंसून म्हणाली, ‘जमलं का, हें विचारायचं मी सोडून दिलं. आतां रोज विचारतें, आज डबा कुणाबरोबर खाल्लास?’

‘मग काय सांगते?’

‘पहिले पंधरा दिवस कांहीं बोलली नाहीं. आतां नांवं सांगते.’